मोबाइल एकट्याने सुटत नाही

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, तिथल्या महिलांच्या सभेत एक निर्णय झाला आणि तेव्हापासून गावात संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरातले मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास-वाचन करायचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे, एवढाच नियम. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा हे जमेल का, अशी शंका गावातच होती. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन शाळा भरू लागल्यावरही सुटेना, हे शिक्षकांच्या लक्षात आले होते. आणि मुलांना रागवावे तर मोठी माणसे स्वतः मालिकांपुढे बसलेली, हेही गावाने मान्य केले. पुण्यात ही बातमी कौतुकाने वाचली गेली आणि गावाकडची गंमत म्हणून बाजूला ठेवली गेली. मोबाइलचा अतिरेक कमी करण्यासाठी या शहरात जे काही सांगितले जाते, म्हणजे नोटिफिकेशन बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आठवड्यातून एक दिवस ‘डिजिटल उपवास’ करा, ते सगळे एकेकट्या माणसाला उद्देशून असते. वडगावने हा प्रश्न एकेकट्याचा मानलाच नाही. हाताशी असलेला पुरावा तपासला तर वडगावचे बरोबर ठरते.

एकट्याच्या निश्चयावर भिस्त ठेवण्यात अडचण काय आहे, ते आधी पाहू. ठरावीक जागा, ठरावीक वेळ, थोडासा कंटाळा, एवढे जुळून आले की हात आपोआप खिशाकडे जातो. तिथे विचाराला वावच नसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती काळ लागतो, हे मोजले. मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. ‘एकवीस दिवसांत सवय बदला’ छापाच्या शिबिरी आश्वासनांना या आकड्यांत आधार सापडत नाही. शिवाय दारू सोडणाऱ्याला निदान बाटली खिशात घालून हिंडावे लागत नाही. फोन मात्र खिशातच राहणार, कारण भाजीचे पैसे, गॅसचे बुकिंग, बँकेचा ओटीपी, मुलाच्या शाळेची सूचना, सगळे त्यातच आहे. आणि समोरचा पक्ष काही झोपलेला नाही. पान कधी संपूच नये अशी खाली सरकत राहणारी रचना एझा रास्किन या अभियंत्याने २००६ मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुढच्या सरकवणुकीत काय हाती लागेल याचा नेम नसणे, हीच त्या रचनेची ताकद आहे. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकोव आणि लीना साँग या अर्थतज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की समाजमाध्यमांच्या वापरापैकी सुमारे ३१ टक्के वापर माणसाला स्वतःला आवरता येत नाही म्हणून होतो. म्हणजे जवळपास एक तृतीयांश वेळ आपण ठरवून देत नाही, तो जातो. ज्या ठिकाणी निश्चय कमी पडतो हे सिद्धच आहे, तिथे अधिक निश्चय करा, असा सल्ला देणे फार उपयोगाचे नाही.

मग एखादे ॲप बंद केले तर? हा प्रयोग भारताने केलेला आहे आणि तोही जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला परवडणार नाही एवढ्या मोठ्या प्रमाणावर. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते, लोकांच्या सवयीचे नव्हे. पण त्या दिवशी सुमारे वीस कोटी भारतीयांच्या हातातून एक सवयीची वस्तू काढून घेतली गेली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स भारतात आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातूनच सुरू केली. अंगठा तोच राहिला, पडदा तोच राहिला, जेवणानंतर पलंगावर आडवे होण्याची वेळही तीच राहिली. फक्त वरचे चिन्ह बदलले. त्याआधीचा इतिहासही हेच सांगतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरले, एका जीबीसाठी मोजावे लागणारे शेकडो रुपये पाहता पाहता दहा-पंधरा रुपयांवर आले आणि सबंध देशाची संध्याकाळ बदलली. त्या वर्षी भारतीयांचे चारित्र्य एकाएकी ढासळले, असे कुणी म्हणणार नाही. परिस्थिती बदलली, म्हणून सवय लागली. सुटायची तर तीही परिस्थिती बदलूनच सुटेल.

व्यसनांच्या अभ्यासात ही गोष्ट जुनी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. ते मायदेशी परतल्यावर ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेल्यांचे प्रमाण अवघे ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. सोबती, जागा, दिनक्रम, ताण, सगळे मागे राहिले होते. उलट ज्या गल्लीत व्यसन लागले त्याच गल्लीत परत जाणाऱ्यांचे काय होते, हे पुण्याला परक्या देशाकडून शिकायला नको. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते गर्दने पोखरलेल्या तरुणांसाठी. पस्तीस दिवसांचा उपचार हा तिथल्या कामाचा एक भाग झाला. घरच्यांशी बोलणे, पाठपुरावा, बरे झालेल्या मित्रांचे गट हा दुसरा भाग, आणि तो तितकाच मोठा. अलीकडे मोबाइलच्या अतिरेकासाठीही लोक तिथे समुपदेशनाला जातात. बंगळुरूच्या निम्हान्सने तर २०१४ मध्येच त्यासाठी वेगळे क्लिनिक काढले. इथे एक फरक मात्र केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. सर्वसाधारण ‘मोबाइलचे व्यसन’ नावाचा आजार त्यात नाही. ज्याचे जेवण, झोप, शाळा सगळे सुटले आहे, त्या मुलाला डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. भोंग्याने त्याचे भागणार नाही. पण बाकीच्या बहुसंख्यांना सवय आहे, आजार नाही, आणि सवयीचे मूळ अवतीभवतीच्या माणसांत असते.

ही अवतीभवतीची माणसे नेमके काय करतात, हे एका अलीकडच्या अभ्यासाने फार नेमकेपणाने दाखवले. लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजाराहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे तर किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आले ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. मग प्रश्न बदलला. तुमच्यासकट कॉलेजातल्या सगळ्यांचेच बंद होणार असेल तर? आता विद्यार्थी पैसे मागेनात, उलट स्वतःच्या खिशातून द्यायला तयार झाले. टिकटॉकसाठी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १०. ज्या वस्तूपासून आपण दूर जाऊ इच्छित नाही, ती सगळ्यांकडूनच गेली तर आपल्याला हवे आहे, असा हा विचित्र व्यवहार आहे. पण पुण्यातल्या कुठल्याही पालकाला तो विचित्र वाटणार नाही. वर्गातल्या सगळ्यांकडे फोन आहे म्हणून आपल्या मुलीला द्यावा लागतो. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो म्हणून आईला रात्री साडेनऊला ग्रुप उघडावा लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची सूचना कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून दिवसभराचे शुभ सकाळ आणि राजकारणही वाचावे लागते. यातला एक जण बाहेर पडला तर नुकसान त्या एकाचेच. सगळे मिळून तासभर बाहेर पडले तर कुणाचेच नाही. वडगावच्या भोंग्याने नेमका हा हिशेब बदलला. सात ते साडेआठ या वेळात फोन न उचलणारा माणूस तिथे शिष्ट ठरत नाही.

याच काळात महाराष्ट्रात दुसरा एक ठराव झाला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली आणि उल्लंघनाला दोनशे रुपये दंड ठेवला. हेतू तोच, पण दोन ठरावांत मला मोठा फरक दिसतो. बांशीचा नियम मुलांवर होता, वडगावचा सगळ्यांवर. शहरी घरांत आपण बहुधा बांशीच्या वाटेने जातो. बाबा रील्स पाहत पाहत मुलाला टॅब ठेवायला सांगतात आणि मूल ऐकत नाही म्हणून आश्चर्य करतात. फक्त मुलांवर आणि फक्त काही तासांसाठी घातलेल्या बंदीचे काय होते, याचा अंदाज इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून येतो. शाळेत फोनवर कडक निर्बंध असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही; एकूण स्क्रीनचा वेळही कमी झालेला नव्हता, कारण बाकीचा दिवस होता तसाच राहिला. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळांवर सरकारी मर्यादा घातली, तिच्यामुळेही फार खेळणाऱ्यांचे प्रमाण घटल्याचा विश्वासार्ह पुरावा संशोधकांना मिळाला नाही. बंदी वरून आली आणि घर जसेच्या तसे राहिले, तर फार काही हलत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा सगळा दर पिढीला होणारा गळा काढण्याचा प्रकार आहे. आधी सिनेमाने, मग दूरदर्शनने, मग केबलने पिढी बिघडली होती, आता मोबाइलने. यात तथ्य आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा डिजिटल साधनांचा वापर आणि स्वास्थ्य यांचा संबंध उणे निघाला खरा, पण इतका किरकोळ की स्वास्थ्यातल्या फरकाचा जास्तीत जास्त ०.४ टक्का भाग त्याने स्पष्ट होत होता. स्क्रीनला विष म्हणणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये. माझा युक्तिवाद विषाचा नाहीच. तो वेळेचा आहे. त्या ऑलकॉट-गेंट्झकोव मंडळींनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. दिवसाकाठी सरासरी एक तास मोकळा झाला. त्यातला काही टीव्हीकडे गेला, काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर. मनःस्थितीत सुधारणा झाली, पण थोडीच. बातम्यांचे ज्ञान मात्र कमी झाले. हे चमत्काराचे निष्कर्ष नव्हेत आणि म्हणूनच विश्वास ठेवण्याजोगे आहेत. रोजचा एक तास ही लहान गोष्ट मानायची की मोठी, हे ज्याने त्याने ठरवावे. शाळकरी मुलांपुरते मोजमाप हवे असेल तर ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत आहे: चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी स्मार्टफोन शिक्षणासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. अभ्यासासाठी दिलेला फोन कुठे जातो, याचे हे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा, आणि तो पुण्यात अधिक तीव्रतेने येणार. दुसऱ्यांच्या घरात कुणी डोकावायचे कशाला? सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलाचे वर्ग यूट्यूबवर आहेत, नोट्स टेलिग्रामवर आहेत आणि गावाकडची आई रात्री आठनंतरच व्हिडिओ कॉलवर दिसते. बांधकामावरच्या बिहारी मजुराला घर दिसते ते त्याच पडद्यावर. कित्येक बायकांना तर दिवसातली स्वतःची म्हणावी अशी एकमेव जागा त्या फोनमध्ये मिळते, आणि घरातल्या पुरुषाने ‘आता फोन ठेव’ म्हणायला सामूहिक ठरावाचे निमित्त शोधले, तर तो ठराव दडपशाहीचे हत्यार होईल. हा धोका खरा आहे. म्हणूनच दंड नको, तपासणी नको, कुणाच्या दारावर थाप नको. वडगावचा निर्णय महिलांच्या सभेत झाला, हा तपशील मला त्यामुळे फार महत्त्वाचा वाटतो. जो नियम सगळ्यांत कमी अधिकार असलेल्या माणसाने मागितला आणि सगळ्यांत जास्त अधिकार असलेल्याने आधी पाळला, तो जाच होत नाही. बाकी, आईशी बोलणे हे सुटायला हवे अशा सवयीत मोडतच नाही. ते त्या तासातही चालू राहावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: तीन हजारांचे गाव आणि काही दशलक्षांचे शहर यांची बरोबरी कशी करणार? गावाला ग्रामसभा असते. शहरांसाठी महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद आहे, पण ती कागदावरच राहिली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर पुण्यात तर बराच काळ नगरसेवकच नव्हते. तेव्हा महापालिकेने पुण्यासाठी भोंगा वाजवावा, असे मी म्हणणार नाही. या शहरात भोंग्यांचा तुटवडा नाही. पण पुणे हे एक गाव नसून हजारो छोट्या वस्त्यांचे बनले आहे आणि त्यातल्या बहुतेकींना निर्णय घेणारी यंत्रणा आधीच आहे. दीडशे सदनिकांच्या सोसायटीत पाच-सहाशे माणसे राहतात. तिला कार्यकारिणी आहे आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पार्किंग आणि कुत्री या दोन विषयांवर जिथे तीन तास जातात, तिथे हा विषय पंधरा मिनिटे मागू शकतो. पेठांतल्या आणि वस्त्यांतल्या गल्ल्यांना मंडळे आहेत. दहा दिवसांचा उत्सव उभा करणाऱ्या कार्यकर्त्यांना घरोघर जाऊन पटवणे शिकवावे लागत नाही. शाळांच्या पालकसभा आहेत, आणि रात्री आठनंतर ग्रुपवर गृहपाठ टाकायचा नाही, एवढे एक शाळा उद्या ठरवू शकते. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स या गावात २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून, माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही, असा स्वेच्छेचा करार केला. ‘सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य तिथे मुलांच्या हातून गेले.

वेळ मात्र वडगावची चालणार नाही. सात वाजता पुण्यातला निम्मा नोकरदार हिंजवडीहून किंवा मगरपट्ट्याहून निघालेला आणि सिग्नलला अडकलेला असतो. जेवणानंतरचा नऊ ते दहा हा तास बरा. मुद्दा असा, की तो तास कशाने भरायचा याची तयारी आधी हवी, नाहीतर ऑलकॉटच्या प्रयोगासारखे फेसबुक सोडून लोक टीव्हीकडे जातील. इथे महापालिकेचे काम सुरू होते. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे शहराला जोडली गेली. तिथे इमारती आल्या, मैदाने आणि बागा त्या वेगाने आल्या नाहीत. उद्याने रात्री जेवणाच्या सुमारास बंद होतात. पदपथावर रात्री चालावे तर दुचाकी उभ्या. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद होतो, तेव्हा त्याच रस्त्यावर मुले खेळतात, आजीआजोबा खुर्च्या टाकून बसतात. हे वर्षातून एकदा करायचे की प्रत्येक प्रभागात महिन्यातून एकदा संध्याकाळी, हा निधीपेक्षा इच्छेचा प्रश्न आहे. मुलाने पडदा सोडून कुठे जावे, याचे उत्तर शोभा भागवतांनी सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात खेळ, नाटक आणि मातीच्या रूपाने देऊन ठेवले आहे. एवढ्या पसरलेल्या शहराला ते एकच पुरणार नाही, हे उघड आहे. १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या संस्था ज्या शहरात आहेत, तिथे नव्या उपनगरांतल्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये व्यायामाची यंत्रे असतात आणि पुस्तकांचे एक कपाट नसते, याचे मला कोडे आहे.

शेवटचा आक्षेप असा, की दोष कंपन्यांचा, आणि सुधारायचे लोकांनी? कंपन्यांना वेसण घातलीच पाहिजे. ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम खात्यांवरची बंदी १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिची जबाबदारी पालकांवर नव्हे, कंपन्यांवर टाकली आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मुलांचा माग काढण्याला आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. अंमलबजावणी कशी होते ते पाहायचे. पण सामूहिक तासाने कंपन्यांची सुटका होते, हे मला पटत नाही. जे लोक एकत्र येऊन तासभर फोन बाजूला ठेवतात, तेच उद्या कायदा मागायलाही एकत्र येतील. एकटा माणूस तर स्वतःलाच दोष देत बसतो. या तासाची खरी कसोटी मला कंपन्यांपेक्षा कार्यालयांत दिसते. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत, कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक मांडले आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते, हे ठाऊक आहे. पण हिंजवडी आणि खराडीतल्या कंपन्यांना, अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारे गट वगळून, रात्री नऊ ते दहा या तासात कुणाला संदेश पाठवायचा नाही, असे परिपत्रक काढायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. आणि ते पहिल्यांदा व्यवस्थापकांना लागू करावे, कारण त्या वेळी संदेश सहसा वरूनच खाली येतात.